आत्ता न्हाई

माझं एक आहे, मला एका जागी बसून विचार करता येत नाही. उभं राहून, फेऱ्या मारत, हाताला काहीतरी चाळा लावून घेतला की डोकं चालतं. नांदेडला कॉम्प्युटरचं शिकत होते तेव्हा वसतिगृहातल्या पोरी म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. लग्न होऊन सासर मिळालं आखाडा बाळापूरच्या जवळचं, मेंढरं, शेळ्या आणि हळदीचं रान असलेलं. नोकरी लागली हिंगोलीला. म्हणजे सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी आणि मधल्या वेळात काटा. भिंगरीची सोय आपोआपच झाली होती.

काटा म्हणजे गाड्या तोलायचा काटा. भरलेला ट्रॅक्टर नाही तर टेम्पो त्याच्यावर चढायचा, वजन व्हायचं आणि मग पुढं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात जायचा. असल्या काट्यांना कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होते. कंपनी म्हणजे औरंगाबादला फोनवर बसलेले एक साहेब आणि हिंगोलीत मी. हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, सगळ्यांना सगळं नवं पाहिजे होतं, आणि कॉम्प्युटरची मेमरी मात्र जुनीच, चिमूटभर.

घरात आम्ही चौघं. सासूबाई, मोठे दीर म्हणजे भाऊजी, त्यांची बायको आणि मी. आमचे मालक जवळा बाजारला शाळेत शिक्षक होते, शनिवारी यायचे आणि सोमवारी जायचे, त्यामुळं त्यांना मी घरात धरतच नाही. हे त्यांनाही माहीत आहे. जावेला मी आक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, अंगानं बारीक, आणि तोंडात कायम एकच शब्द, व्हय.

त्या वर्षी माघात आक्काला चौथा महिना होता. ही तिसरी खेप. आधीची दोन लेकरं पाचव्या महिन्यात गेली होती, दोन्ही वेळा घरात सुगीचा रगाडा चालू असताना. कळमनुरीच्या डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी तोंडावर सांगितलं होतं की वजन उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही, हे दोन-तीन महिने निभावले तर लेकरू हातात येईल. घरात सगळ्यांना हे पाठ होतं. सासूबाईंनी तर तिची पाण्याची घागर माळ्यावर टाकून दिली होती.

तरी तिचे हात रिकामे म्हणून नसायचे. तिला काम कोणी सांगत नव्हतं, विचारत होतं. "एवढं दळण निवडून होईल का गं?" "व्हय, होईल की." "करडाला तेवढं पाजतीस का?" "व्हय." प्रत्येकाचं विचारणं एवढंसं. भाऊजींचं निराळं, सासूबाईंचं निराळं, शेजारणीचं निराळं, आणि सकाळी एसटी गाठायच्या गडबडीत माझं निराळं, "आक्का, माझी भाकर बांधता का तेवढी?" ती सगळ्यांना व्हय म्हणायची. मला ते बघून चीड यायची आणि दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा भाकर मागायचे.

इकडं काट्यावर माझ्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. गाडी काट्यावर चढली की वर लावलेला कॅमेरा तिचा फोटो काढायचा, म्हणजे नंतर कोणी ही गाडी माझी नव्हतीच म्हणून हात वर करू नयेत. फोटो सांभाळणारा प्रोग्रामचा जो तुकडा असतो त्याला आमच्या धंद्यात ड्रायव्हर म्हणतात, पण काट्यावर खरे ड्रायव्हर उभे असताना घोळ नको, म्हणून मी त्याला फोटोवाला म्हणते. हा फोटोवाला काढलेला प्रत्येक फोटो मेमरीत धरून बसायचा. कोणी परत मागितला तर असू द्यावा म्हणून. गर्दी नसली की काही वाटायचं नाही. गर्दी झाली की मेमरी भरायची.

आता कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यांच्या खाली एक कर्नेल असतं. त्याला कारभारी समजा. मेमरी कोणाला किती द्यायची ते तो ठरवतो. कमी पडायला लागली की तो घरोघर फिरतो आणि विचारतो, तुझ्याकडं सोडण्यासारखं काय आहे? पण तो फक्त त्यांनाच विचारतो ज्यांनी आधी आपलं नाव सांगून ठेवलंय. ज्यानं सांगितलं नाही त्याच्या दारात तो जात नाही. आमच्या फोटोवाल्यानं नाव सांगितलंच नव्हतं. मग कारभाऱ्याला कुठूनच काही मिळालं नाही की तो शेवटचा उपाय करायचा, सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम बघायचा आणि त्याला ठार करायचा. तो असायचा वजनाचा प्रोग्राम. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं सगळं मांडलं, तोच मरायचा.

"मॅडम, फिर मर गया," काटा चालवणारे मुनीम खिडकीतून सांगायचे. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, हॉर्न, शिव्या. मी धावत जाऊन पुन्हा चालू करून द्यायचे. औरंगाबादचे साहेब म्हणाले, हळदीची आवक वाढायच्या आत हे नीट कर, नाही तर काटेवाला आपला सेट उचलून रस्त्यावर ठेवील.

फोटोवाल्याचं नाव कारभाऱ्याकडं लावून देणं अवघड नव्हतं. कारभारी दोन गोष्टी करतो. आधी विचारतो, किती आहे? मग म्हणतो, त्यातलं एवढं सोड. पहिल्याला आकडा द्यायचा, दुसऱ्याला जुने फोटो टाकून द्यायचे. मी ते लिहिलं. आणि मनाशी ठरवलं की कारभारी दारात आला की आपल्याकडून नकार जायचा नाही, कधीही आला तरी व्हयच. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्यात दारात आलेल्याला नकार देणं म्हणजे अंगावर थुंकल्यासारखंच मानतात.

लावून दिलं आणि झालं भलतंच. वजनाचा प्रोग्राम आता मरत नव्हता. त्याच्याऐवजी सगळं यंत्रच जागच्या जागी थिजायचं. पडद्यावरचं वजन गोठलेलं, बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. वीज काढून परत दिल्याशिवाय उठायचं नाही. मुनीम म्हणाले, "मॅडम, पहले वाला अच्छा था." मला इतका राग आला की मी काट्याभोवती दोन चकरा मारून आले.

त्याच आठवड्यात एका दुपारी काट्यावरच्या फोनवर भाऊजींचा फोन आला. ते फोनवर कधी बोलत नसत. "तू कळमनुरीला ये," एवढंच म्हणाले. मी काळीपिवळी धरली. त्या जीपमध्ये मला बसायला जागा होती तरी मी दांडी धरून अर्धी उभीच होते.

त्या सकाळी घरी हळद शिजवून काढायचं चाललं होतं. कढईतून निघालेली हळद पाट्या भरून अंगणात वाळत टाकायची असते. भाऊजी विस्तवापाशी, सासूबाईंचे हात गुंतलेले. सासूबाईंनी विचारलं, "ही पाटी जरा धरू लागतीस का गं, तेवढीच?" आक्का म्हणाली, "व्हय." ती वाफाळलेली ओली हळद, शिशासारखी जड. तीन पाट्यांनंतर आक्का गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसली. लुगड्याला लाल लागलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लेकरू आहे म्हणाल्या. मग आमच्याकडं बघून म्हणाल्या, "पण पुन्हा असं झालं तर माझ्याकडं आणून काही उपयोग नाही." भाऊजी बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले. सासूबाई आक्काच्या पायाशी बसून रडत होत्या, आणि आक्का त्यांची समजूत काढत होती. ते दृश्य बघून माझं टाळकंच फिरलं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. म्हणलं, आत्या, तुमी तिला विचारताच काहून?

सासूबाईंना ते झोंबलं. "विचारलं तर काय पाप झालं? तिला जमत न्हाई तर न्हाई म्हणावं. आमी काय तिचे दुश्मन हाव?"

"तुमी कोणाला कधी न्हाई म्हणल्या का?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, त्यांचं लहानपण मेंढरांमागं फिरण्यात गेलं. आज ह्या शिवारात, उद्या त्या शिवारात. सगळ्यांचे मुक्काम जवळजवळ. सकाळी कोणी विस्तव मागायला यायचं, कोणी मिठाला, कोणी पाण्याला. आपली चूल थंड असली तरी न्हाई म्हणायचं नाही, दुसऱ्याच्या चुलीवरून आणून द्यायचं. कारण उद्या आपल्याला त्याच्याच दारात जायचं असतं. "आमच्या मायनं आमाला न्हाई म्हणायला शिकवलंच न्हाई गं," त्या म्हणाल्या. त्यांच्यावर मला पुढं चिडता येईना.

भांडणानं काही बदललं नाही. आठवडाभर सगळे आक्काभोवती पायाची चाहूल लागू न देता फिरले, आणि मग हळूहळू विचारणं पुन्हा सुरू झालं. एवढं सोलून होईल का, तेवढं बघतीस का. ती म्हणायची व्हय. तिचा पाचवा आता खरा लागला होता. मी एसटीत बसले की मला घर दिसायचं आणि घरी आले की काटा. झोप तर उडालीच होती.

कर्नेलमधला मेमरी परत मागायचा तो भाग मी कागदावर छापून घेतला होता आणि एसटीत वाचायचे. कळमनुरीच्या थांब्यावर गाडी बराच वेळ उभी राहायची. एके दिवशी तिथं खिडकीशी उभी राहून वाचताना मला आमचं यंत्र का थिजतं ते दिसलं. फोटोवाला नवा फोटो काढत असतो, त्याला स्वतःलाच थोडी मेमरी पाहिजे असते. तो कारभाऱ्याकडं मागतो. कारभाऱ्याकडं नसते, म्हणून कारभारी घरोघर फिरायला निघतो. फिरत फिरत येतो कोणाच्या दारात, तर फोटोवाल्याच्याच. आणि म्हणतो, सोड काहीतरी. फोटोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले. पण मी त्याला शिकवून ठेवलेलं, व्हयच म्हणायचं. तो म्हणतो व्हय, आणि आपले हात मोकळे व्हायची वाट बघत उभा राहतो. कारभारी त्याच्यासाठी उभा, तो कारभाऱ्यासाठी उभा. आणि बाहेर ट्रॅक्टर उभे.

त्याच पानावर खाली उपायही होता. हात गुंतलेले असतील तर उणे एक म्हणायचं. उणे एक म्हणजे आत्ता नाही. त्याच्यावर कारभारी रागावत नाही, का म्हणून विचारत नाही, मनात धरून ठेवत नाही. तो पुढच्या दारात जातो. पुन्हा कधी गरज लागली तर पुन्हा येऊन विचारतो, आणि तेव्हा हात मोकळे असतील तर द्यायचं. एवढंच. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि बाजूची बाई म्हणाली, "काय वं, कोणाचं पत्र हाय का?"

त्या संध्याकाळी जेवताना मी घरात हे सगळं सांगितलं. कारभारी, फोटोवाला, दारोदार फिरणं. भाऊजींनी जेवणातून मान वर करून विचारलं, "मग तो कारभारी कोणाच्या दारात जातो शेवटी?" म्हणलं, ज्याच्याकडं असंल त्याच्या. "हं," म्हणाले आणि पुन्हा भाकर मोडायला लागले. मी म्हणलं, आपण असं ठरवू. आक्का आत्ता न्हाई म्हणली की कोणी काहून विचारायचं न्हाई, तोंड वाकडं करायचं न्हाई, गपचूप दुसऱ्याकडं जायचं. सासूबाईंनी भाऊजींच्या ताटात कालवण वाढलं. मग म्हणाल्या, "बरं. मी न्हाई रागवायची."

खरी अडचण पुढंच होती. आक्काच्या तोंडातून तो शब्द फुटेना. मी म्हणलं, म्हणून बघा. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मला लाज वाटती." तेवढ्यात आमची एक ओढाळ शेळी उंबऱ्यातून आत घुसली आणि दळणाच्या सुपात तोंड घालायला लागली. "न्हाई म्हणलं ना तुला, हो भाईर," आक्का ठसक्यात ओरडली. मी म्हणलं, बघा, येतंय की. शेळीला जसं म्हणलं तसंच म्हणायचं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे मी शेळी का?" भाऊजींना ठसका लागला. पण आक्का त्या दिवशी काही म्हणाली नाही, आणि पुढच्या दिवशीही नाही.

फोटोवाल्यात मी ते उणे एक घातलं. एका सोमवारी मोंढ्यात मोठी आवक होणार होती, त्याच दिवशी कळणार होतं की सेट राहतो का रस्त्यावर जातो. त्या सकाळी मला उशीर झाला. केस ओले, एक चप्पल सापडेना, आणि लांबून एसटीचा हॉर्न. मी दारातून नेहमीसारखं म्हणलं, "आक्का, माझी भाकर बांधता का तेवढी?"

आक्का बाजेवर बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्ता न्हाई."

सासूबाईंच्या हातातला खराटा थांबला. मी चप्पल हातात धरून उभी. खरं सांगते, मला वाईट वाटलं. वाईट कसलं, राग आला. एवढ्या जणांनी विचारलं, त्यांना सगळ्यांना व्हय, आणि हे सगळं मी शिकवलं तर पहिली न्हाई माझ्याच वाट्याला? असं एका क्षणात डोक्यातून गेलं. मग आक्कानं वर बघितलं. चेहरा पांढराफटक, घाबरलेला, आता ही काय म्हणते म्हणून. मी म्हणलं, "बरं," आणि पळाले.

दिवसभर पोटात कावळे ओरडत होते आणि काट्यावरून हलायची सोय नव्हती. दुपारपर्यंत ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली. मी यंत्रामागं उभी राहून आत काय चाललंय त्याच्या ओळी बघत होते. मोकळी मेमरी कमी होत होती. कारभारी निघाला. फोटोवाल्याच्या दारात आला. उणे एक. कारभारी पुढं गेला, दुसरीकडून थोडं मिळालं. थोड्या वेळानं पुन्हा आला, तेव्हा फोटोवाल्याचे हात मोकळे होते, त्यानं जुने फोटो टाकून दिले. वजन पडद्यावर येत राहिलं. ट्रॅक्टर चढत राहिले, उतरत राहिले. संध्याकाळी मुनीम खिडकीत येऊन चहा ठेवून गेले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मी अक्षरशः गळून गेले होते. उंबऱ्यावर बसले. सासूबाई चुलीपुढं होत्या, कणगीतून ज्वारी काढून आणायची होती. सवयीनं त्यांनी आक्काकडं मान वळवली आणि म्हणाल्या, "उठतीस का गं जरा?"

"आत्ता न्हाई, आत्या," आक्का म्हणाली. ह्या वेळी तिनं सरळ त्यांच्याकडं बघितलं.

सासूबाईंनी चुलीत लाकूड सारलं. मग मान माझ्याकडं वळली. "मग तू ऊठ."

मी उठले. चिडत, पुटपुटत, पण उठले. त्यानंतर आमच्या घरात विचारणं काही बंद झालं नाही, पण ते एका ठिकाणी साचायचं थांबलं. भाऊजी एकदा पाण्याची घागर खांद्यावर घेऊन आले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्यांना यथेच्छ चिडवलं. पाचवा गेला, सहावा गेला. सातव्याला सासूबाई रोज सकाळी उठल्या उठल्या आधी आक्काच्या पायांवरची सूज बघायच्या आणि मग तोंड धुवायच्या. मला तोपर्यंत धीर नव्हता. काट्यावरचा फोन वाजला की मी मुनिमांच्या आधी धावत जाऊन उचलायचे.

श्रावणात, पूर्ण दिवसांनी, कळमनुरीच्या त्याच दवाखान्यात पोरगी झाली. मी हिंगोलीहून तशीच गेले. खोलीत आक्का भिंतीला टेकून बसली होती आणि लेकराला तिनं लुगड्याच्या पदरात छातीशी घट्ट धरलं होतं. पदरातून एवढंसं कपाळ फक्त दिसत होतं. सासूबाई बाजेच्या कडेला येऊन बसल्या. दोन खेपा रिकामे गेलेले ते हात त्यांनी पुढं केले आणि अगदी हळू म्हणाल्या, "दे की गं जरा, माझ्याकडं."

आक्कानं लेकराकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं.

"आत्ता न्हाई, आत्या."

सासूबाईंनी हात मागं घेतले, मांडीवर ठेवले आणि तिथंच बसून राहिल्या.